हवं तेवढं खा, पण पहिली फेरी रिकाम्या हाताने मार

डिचोलीच्या एका मुलाने विचारलंय. ऑक्टोबरात तो जर्मनीला एम.एस. करायला निघालाय. तिथे आधी गेलेली मुलं नव्या आलेल्यांना पहिल्याच आठवड्यात 'एकदा पैसे भरा, हवं तेवढं खा' अशा हॉटेलात घेऊन जातात म्हणे. त्याची मामेबहीण ओसाकाला शिकते, तिच्याकडेही हाच प्रकार. त्याला चार गोष्टी जाणून घ्यायच्यात: पैसे वसूल होतात का, बीफ-पोर्क खात नाही आणि सोमवारी शिवराक (शाकाहारी) असतो, तर कुठल्या पदार्थात काय आहे हे ओळखायचं कसं, पोट बिघडण्याची भीती किती, आणि उरलेलं बांधून आणता येतं का.

मी पेडण्याचा. बुफेच्या मागच्या बाजूला २२ वर्षं काढली, त्यातली सहा जहाजावर आणि बाकीची गोव्यातल्या किनाऱ्यावरच्या मोठ्या हॉटेलांत. पर्यटकांच्या चार्टर विमानांच्या सीझनमध्ये नाश्त्याचा बुफे सकाळी साडेसहाला उघडायचा, म्हणजे आम्ही साडेतीनला किचनमध्ये. मी सांगतोय ते जेवणाऱ्याला न दिसणाऱ्या बाजूचं आहे, आणि परदेशात शिकायला जाणाऱ्या आपल्या प्रत्येक मुलाला ते माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

जास्त खाऊन पैसे वसूल होत नाहीत. तू किती खाशील याचा हिशेब तू दारातून आत यायच्या आधीच झालेला असतो. आम्ही माणशी साधारण अर्धा ते पाऊण किलो शिजवलेलं अन्न धरायचो. त्यात तुझ्यासारखा भुकेला विद्यार्थी असतो, सत्तरीची आजी असते, दोन घास खाऊन आईस्क्रीमकडे पळणारं पोर असतं. सगळे एकाच सरासरीत बसतात. तू दुप्पट खाल्लंस तरी ते दुप्पट बहुतेक भात, नूडल्स, ब्रेड आणि बटाट्याचंच असतं, आणि ते हॉटेलला किरकोळीत पडतं.

आपल्या म्हापशा-पणजीच्या खाणावळीतली नुस्त्याची (मासळीची) थाळी आठव. शीत (भात) आणि कडी (रस्सा) मागशील तितक्या वेळा येते. तळलेल्या इसवणाची (सुरमईची) तुकडी मात्र एकच. दुसरी हवी तर तिचे पैसे वेगळे. जगातल्या प्रत्येक बुफेचा हिशेब हाच आहे, फक्त इथे वाढपी उघड सांगतो आणि तिथे ते टेबलाच्या मांडणीत लपवलेलं असतं. ताटं जिथे ठेवलेली असतात तिथून सुरुवात कर आणि बघ: आधी ब्रेड, मग सूप, मग सॅलड, मग भात-नूडल्स. माणूस भुकेला असतो तेव्हा त्याचा हात याच गोष्टींवर पडतो. महागाचे पदार्थ शेवटी, बहुधा एखाद्या काउंटरमागे, जिथे शेफ कापून किंवा भाजून देतो. तिथे रांग लागते आणि रांग लागली की माणूस दोनदा येत नाही. भाताच्या भांड्यात मोठा डाव, कोळंबीच्या भांड्यात छोटा चिमटा. ही मांडणी मी स्वतः शेकडो वेळा केलेली आहे. यात फसवणूक नाही. तो व्यवसाय असाच चालतो, नाहीतर ती किंमत परवडणारच नाही.

कधी कधी हिशेब हॉटेलवरही उलटतो. अमेरिकेतल्या रेड लॉब्स्टर या मोठ्या साखळीने २०२३ मध्ये २० डॉलरमध्ये हवी तेवढी कोळंबी ही योजना कायमची केली. लोक आले, बसले आणि नुसती कोळंबीच खात राहिले. त्या वर्षीच्या एका तिमाहीत कंपनीला साधारण १ कोटी १० लाख डॉलरचा तोटा झाला आणि मे २०२४ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. कारणं इतरही बरीच होती, पण आमच्या धंद्यात धडा घेतला गेला तो हाच: महाग वस्तू एकटी आणि अमर्याद ठेवायची नाही, तिच्या आधी पोट भरणारं काहीतरी ठेवायचं.

मग जायचंच कशाला? चव बघायला. अनोळखी देशात, अनोळखी भाषेत मेनूकार्ड वाचून एक डिश मागवायची आणि ती आवडली नाही तर पैसे गेले, ही विद्यार्थ्याची खरी अडचण. बुफेत चाळीस पदार्थ डोळ्यांना दिसतात. चमचाभर घे, नाही आवडलं तर पुढे चल. त्या एका जेवणात तुला कळतं की इथलं कुठलं चीज झेपतं, कुठला मासा आपल्या जिभेला ओळखीचा वाटतो, हिरव्या पानांतलं नेमकं कडू कुठलं. पुढची दोन वर्षं बाजारहाट करताना ते उपयोगी पडतं. माझ्या मते बुफेचे पैसे असे वसूल होतात.

पद्धत सांगतो. आत गेल्यावर ताट उचलू नकोस. हात मागे बांधून पूर्ण टेबल एकदा फिरून ये, मिठाईपर्यंत. मला दुरूनही कळायचं की कोण आधी फिरतोय आणि कोण पहिल्याच भांड्यावर तुटून पडलाय. जे फिरायचे त्यांची ताटं शेवटी स्वच्छ असायची. फिरताना मनात चार-पाच गोष्टी ठरव, ज्या तू घरी करू शकणार नाहीस आणि एरवी विकत घेणार नाहीस. मग छोटं ताट घे.

स्वीडनमध्ये, जिथून हा प्रकार जगभर गेला असं मानतात, तिथे स्मॉर्गसबोर्डवर, म्हणजे तिथल्या बुफेच्या टेबलावर, एका ताटात सगळं ढीग करणं असंस्कृतपणाचं समजतात. पहिली फेरी खारवलेल्या हेरिंग माशाची, दुसरी इतर थंड माशांची, मग थंड मांस, मग गरम पदार्थ, मग गोड, आणि दर फेरीला नवं ताट. नव्या ताटामागे स्वच्छतेचंही कारण आहे. तुझ्या उष्ट्या ताटाला वाढपाचा चमचा टेकला की तो पुन्हा सगळ्यांच्या भांड्यात जातो. त्यामुळे खरकटं ताट घेऊन दुसऱ्यांदा टेबलापाशी जाऊ नकोस. आपल्याकडे एकाच पानावर शेवटपर्यंत जेवायची सवय असते, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आदल्या दिवशी उपाशी राहून जायचं, हा होस्टेलवरच्या मुलांचा आवडता उपाय. त्याने उलटंच होतं. उपाशी माणूस भराभर खातो, आणि पोट भरल्याचं डोक्याला कळायला वीसेक मिनिटं लागतात. पहिल्या दहा मिनिटांत ब्रेड आणि नूडल्स कोंबल्या की अर्ध्या तासाने तो खुर्चीत मागे रेलून बसलेला असतो, आणि समोर शेफ नुकतंच भाजलेलं साल्मन कापत असतो. सकाळी नेहमीसारखा हलका नाश्ता कर, भरपूर पाणी पी आणि जा. जेवताना गॅसवाली पेयं टाळ, पोट त्यांनीच फुगतं.

आता तुझ्या जर्मनीचं. तिथे तुला भेटेल तो बहुधा आशियाई बुफे: चायनीज पदार्थ, थोडी सुशी, तळलेलं बरंच काही आणि एका कोपऱ्यात मंगोलियन ग्रिल. त्या ग्रिलवर तू कच्चं मांस, कोळंबी, भाज्या वाडग्यात भरून द्यायच्या, सॉस सांगायचा आणि आचारी तव्यावर परतून देतो. दुसरा प्रकार रनिंग सुशी, म्हणजे फिरत्या पट्ट्यावरून येणाऱ्या छोट्या बशा, दर ठरलेला. तिसरा म्हणजे रविवारचा ब्रंच. दुपारचा दर रात्रीपेक्षा कमी, आणि शनिवार-रविवार महाग. पदार्थ बहुतांशी तेच. म्हणून कामाच्या दिवशी दुपारी जा.

बोर्डावरच्या दरात पेय धरलेलं नसतं, ही गोष्ट नवी मुलं हमखास विसरतात. जर्मनीत साधं पाणीही बाटलीतून विकत येतं. नळाचं पाणी आपणहून टेबलावर ठेवायची पद्धत नाही आणि मागितलं तरी प्रत्येक ठिकाणी मिळेलच असं नाही. बुफेवर हॉटेलची कमाई बरीचशी पेयांतूनच होते. एक मोठं पेय घे आणि पुरव. टीप साधारण पाच ते दहा टक्के. ती टेबलावर ठेवून निघायचं नाही, पैसे देताना टीप धरून एकूण आकडा तोंडाने सांगायचा. एक आणखी: रोजच्या जेवणासाठी बुफे हा हिशेब कधीच बसणार नाही. विद्यापीठाची मेन्सा, म्हणजे विद्यार्थ्यांचं कॅन्टीन, त्याहून कितीतरी स्वस्त पडतं. बुफे महिन्या-दोन महिन्यांतून एकदा ठीक.

आपल्या गोव्यातली पुष्कळ मुलं पोर्तुगालला जातात, त्यांच्यासाठी दोन शब्द. तिथे रोडीझियो नावाचा ब्राझीलचा प्रकार चालतो. तुम्ही बसायचं आणि वेटर लांब सळईवर भाजलेलं मांस घेऊन टेबलाटेबलापाशी फिरतो, समोर कापून देतो. काही ठिकाणी हिरवी-लाल चकती असते. हिरवी बाजू वर असेपर्यंत तो येत राहतो. सुरुवातीला स्वस्त तुकडे येतात, चांगले थोड्या वेळाने. म्हणून पहिल्या दोन सळयांना हसून नाही म्हणायला शिका. शिवाय पोर्तुगालच्या साध्या हॉटेलांत बसल्या बसल्या पाव, ऑलिव्ह, चीज टेबलावर आणून ठेवतात. ते फुकट नसतं, खाल्लं तर बिलात लागतं. पाव हा शब्द आपण त्यांच्याकडूनच घेतला, म्हणून तो आपुलकीने आपोआप उचलला जातो. नको असेल तर हात न लावता परत पाठवा.

तुझ्या मामेबहिणीचं जपान वेगळं आहे. तिथे बुफेला आजही बाइकिंगु म्हणतात, म्हणजे व्हायकिंग. १९५८ मध्ये टोकियोच्या इम्पीरियल हॉटेलने स्कॅन्डिनेव्हियातला स्मॉर्गसबोर्ड पाहून तसाच प्रकार सुरू केला आणि त्याला व्हायकिंग नाव दिलं, ते देशभर रुजलं. त्याच १९५८ साली ओसाकाजवळ योशिआकी शिराईशी यांनी फिरत्या पट्ट्यावरच्या सुशीचं पहिलं दुकान काढलं. बिअरच्या कारखान्यात बाटल्या पट्ट्यावरून जाताना पाहून त्यांना ते सुचलं होतं. जपानात या पट्ट्यावर बहुधा बशीगणिक पैसे लागतात. जर्मनीतल्या रनिंग सुशीसारखाच तिथेही ठोक दर असेल असं वाटू नये, म्हणून सांगितलं.

हवं तेवढं खा या प्रकाराला तिथे ताबेहोदाई म्हणतात. त्याला वेळेची मर्यादा असते, बहुधा ९० मिनिटं ते दोन तास, आणि शेवटची ऑर्डर वेळ संपायच्या वीस-तीस मिनिटं आधी बंद होते. बऱ्याच ठिकाणी टॅबलेटवरून ऑर्डर द्यायची असते. एका टेबलावरच्या सगळ्यांनी एकच कोर्स घ्यावा लागतो, त्यामुळे पाचजणांपैकी एकीने 'मी फक्त भात खाते' म्हटलं तरी पैसे पूर्ण लागतात. ताटात टाकलं तर जादा पैसे घेऊ, अशी पाटीही अनेक ठिकाणी असते. ती केवळ धमकी नसते. टीप मात्र अजिबात द्यायची नाही. दिली तर मागे धावत येऊन परत करतात.

आता बीफ-पोर्कचा मुद्दा. याची तयारी आधीच कर, टेबलापाशी उभं राहून विचारायला जाशील तर गोंधळशील. युरोपीय संघात कायद्याने १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावीच लागते, म्हणून पाट्यांवर आकडे आणि अक्षरं दिसतात. आपल्या मुलांना वाटतं की त्यातच सगळं कळेल. पण त्या चौदांत गहू आहे, दूध आहे, शेंगदाणे आहेत, मोहरीसुद्धा आहे. बीफ किंवा पोर्क नाही. ते तुला शब्दांवरूनच ओळखावं लागेल.

जर्मनमध्ये रिंड म्हणजे बीफ, श्वाइन म्हणजे डुक्कर. श्पेक आणि शिंकन ही डुकराचीच रूपं. खिमा बहुतेक वेळा दोन्हींचा मिसळलेला असतो, त्यामुळे गोल चपट्या टिक्क्या, ज्यांना फ्रिकाडेले म्हणतात, त्या टाळ. वुर्स्ट, म्हणजे सॉसेज, बहुधा पोर्कचं. कोंबडीच्या सॉसेजातही डुकराची चरबी असू शकते. दक्षिण जर्मनीतलं बटाट्याचं सॅलड दिसायला अगदी शिवराक, पण ते मांसाच्या सूपात भिजवलेलं असतं किंवा त्यात श्पेकचे तुकडे असतात. गोडातही सावध राहा: मूस, पन्ना कोटा, फळांची जेली यांत जिलेटिन असतं आणि ते पुष्कळदा डुकराचं. सोमवारी जायची वेळच आली तर वेगान (vegan) लिहिलेलं शोध. वेगेटारिश म्हणजे शाकाहारी, पण त्यात अंडं चालतं. वेगानमध्ये काहीच प्राणिज नसतं, त्यामुळे तो शब्द दिसला की निश्चिंत हो. आणि मंगोलियन ग्रिलचा तवा सगळ्यांसाठी एकच असतो. बीफ परतून झाल्यावर त्याच तव्यावर तुझी कोळंबी पडते. दुकान उघडल्या उघडल्या जा आणि पहिला उभा राहा, किंवा आचाऱ्याला तवा पुसायला सांग. मी त्या जागी उभा राहिलेला माणूस आहे. नम्रपणे विचारलं तर कुणीही नाही म्हणत नाही.

जपानात ग्यू म्हणजे बीफ, बुता म्हणजे पोर्क, तोरी म्हणजे कोंबडी. तिथल्या तयार करी मसाल्यात बहुधा बीफची किंवा डुकराची चरबी असते, त्यामुळे ओळखीच्या वासाने फसायचं नाही. मिसो सूप साधं दिसतं, पण त्याचा मूळ रस्सा दाशीचा, म्हणजे समुद्री शेवाळ आणि सुकवलेला मासा. आपण सुंगटांचं (सुक्या कोळंबीचं) किसमूर करतो तितकाच तो मासळीचा पदार्थ आहे. बहीण शिवराक पाळत असेल तर त्या दिवशी मिसो नाही. मैत्रिणी तिला याकिनिकूला, म्हणजे टेबलावरच्या शेगडीवर मांस भाजून खायच्या ठिकाणी, नेतील. साधारण ३००० ते ५००० येन माणशी देऊन तिने तिथे भोपळ्याच्या फोडी भाजत बसू नये. तिने सरळ सांगावं की आपण सुशीच्या ताबेहोदाईला जाऊया. मासळीवर वाढलेल्या गोव्याच्या मुलीला ते अंगवळणी पडायला वेळ लागणार नाही.

याकिनिकूला गेलीच तर कच्चं मांस उचलायचा चिमटा वेगळा आणि खायच्या काड्या वेगळ्या, हे कधीही मोडू नये. २०११ मध्ये जपानात कच्चं बीफ खाऊन विषबाधा झाली आणि माणसं दगावली. २०१२ पासून तिथे कच्चं बीफ लिव्हर आणि २०१५ पासून कच्चं डुकराचं मांस वाढायला बंदी आहे. पण हॉटेल कितीही चांगलं असलं तरी टेबलावर भाजणारी तीच असते.

पोटाच्या बाबतीत मी जास्त लिहिणार आहे, कारण परक्या देशात एकट्याने आजारी पडणं मी भोगलेलं आहे. जहाजावर नवीन असताना एका बंदरात चारजण मिळून एका स्वस्त बुफेत जेवलो. दुपारचे अडीच वाजले होते, गर्दी ओसरलेली, भात भांड्यात कोमट. तीन तासांत चौघेही उलट्या करत होतो. तेव्हा मला कारण माहीत नव्हतं, नंतर शिकलो. शिजलेल्या भातात बॅसिलस सिरियस नावाचा जीवाणू कोमट तापमानात वाढतो आणि जे विष तयार करतो, ते पुन्हा गरम करूनही जात नाही. आपण भातखाऊ माणसं, भाताचा संशय कधी घेतच नाही. बुफेत कोमट भात दिसला तर सोडून दे. वाफ येत असेल तरच घे.

नियम सोपा आहे: गरम पदार्थ ६० अंशांच्या वर (ब्रिटनमध्ये ६३) आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या आसपास किंवा खाली. मधल्या तापमानात जीवाणू फोफावतात. तुझ्याकडे थर्मामीटर नसणार, पण डोळे आहेत. चाफिंग डिशचं, म्हणजे खाली ज्योत लावून अन्न गरम ठेवायच्या भांड्याचं, झाकण उघडलंस की वाफ तोंडावर आली पाहिजे. खालची ज्योत पेटलेली आहे का बघ. ती विझली की पाणी थंड होतं आणि अन्न अर्ध्या तासात कोमट. रश्श्यावर साय धरली असेल, कडेने सुकून काळपट पट्टा आला असेल, तर ते बराच वेळ पडून आहे. सुशी आणि सॅलडखाली बर्फ हवा, बर्फाचं पाणी नव्हे. आणि जुन्या भांड्यात वरून नवा माल ओतताना कुणी दिसलं तर त्या हॉटेलात पुन्हा जाऊ नकोस. चांगल्या किचनमध्ये भांडं पूर्ण बदलतात, जुन्यावर नवं कधीच नाही. माझ्या हाताखालच्या पोरांना मी याच एका चुकीसाठी रागावायचो.

मासळीबद्दल आपल्याला सगळं कळतं असं आपल्याला वाटतं, म्हणून हेही ऐक. बांगडा, ट्यूना या जातीचे मासे पकडल्यानंतर गरम राहिले तर त्यांत हिस्टॅमिन तयार होतं. शिजवून ते जात नाही, आणि वासावरूनही प्रत्येक वेळी कळत नाही. खाताना जीभ चुरचुरली, मिरीसारखं तिखट लागलं, तर घास बाहेर काढ. पुढच्या तासाभरात चेहरा लाल होणं, डोकं ठणकणं, अंगावर पुरळ उठणं ही लक्षणं. लोक ती माशाची ॲलर्जी समजतात, पण दोष त्या माशाच्या साठवणुकीचा असतो. श्वास लागला तर लगेच डॉक्टर.

कच्चे कालव समोर दिसले की गोवेकराचा हात शिवशिवतो. आपल्याकडे आपण ते शिजवून किंवा तव्यावर भाजून खातो, तसेच खा. कच्च्या कालवांतून नोरोव्हायरस येतो, आणि जहाजावर आम्ही सगळ्यांत जास्त त्याला घाबरायचो. उलट्यांची साथ आली की पहिला हुकूम एकच असायचा: पाहुण्यांच्या हातातून चमचे काढून घ्या, वाढप आपण करायचं. कारण अन्न चांगलं असलं तरी तो चमचा दोनशे हातांतून गेलेला असतो. म्हणून वाढून घेतल्यावर, जेवायला बसायच्या आधी, साबणाने हात धू. बाटलीतलं सॅनिटायझर या विषाणूवर नीट चालत नाही. ब्रेड, चिकनची तंगडी आपण हातानेच खाणार, त्यामुळे हे आपल्याला इतरांपेक्षा जास्त लागू आहे.

वागण्याचंही थोडं. पंगतीत वाढपी तुझ्या पानाकडे बघतो, आग्रह करतो, नको म्हटलं तरी जिलबी टाकून जातो, आणि पानात उरलं तर दोष अर्धा त्याचा असतो. बुफेत वाढपीही तूच, त्यामुळे ताटात राहिलेलं सगळं तुझं. युरोपात कुणी बोलणार नाही, पण बघतात. चारजणांत एकाने पैसे भरायचे आणि बाकीच्यांनी त्याच्या ताटातून खायचं, असं करू नका. मी हे गोव्यात येणाऱ्या कॉलेजच्या सहलींत पाहिलंय. एकदा एका ग्रुपसाठी मला बाहेर यावं लागलं आणि त्या मुलांच्या चेहऱ्यावरची शरम मला अजून आठवते. त्यांना कुणी आधी सांगितलंच नव्हतं. परदेशात अशी एक गोष्ट घडली की मागून येणाऱ्या दहा भारतीय मुलांकडे त्याच नजरेने बघतात.

बांधून आणायचं म्हणशील तर बुफेतून नाही. मेनूकार्डवरून मागवलेलं उरलं तर जर्मनीत आनंदाने बांधून देतात, बुफेचं देत नाहीत. पर्समध्ये केळं, खिशात ब्रेडरोल हेसुद्धा नाही. एक कारण हिशेबाचं. दुसरं माझ्या दृष्टीने मोठं: तू ते चार तास बॅगेत ठेवून रात्री खाल्लंस आणि आजारी पडलास, तर नाव हॉटेलचं येतं.

पण बुफेचं उरलेलं अन्न स्वस्तात मिळवायचा एक सरळ मार्ग आहे आणि तो विद्यार्थ्यांसाठी फार चांगला आहे. टू गुड टू गो नावाचं ॲप २०१५ च्या सुमारास डेन्मार्कमध्ये सुरू झालं, तेच मुळी बुफे बंद होताना फेकलं जाणारं अन्न वाचवायला. आता ते जर्मनीत गावोगावी चालतं, पोर्तुगालमध्येही आहे. हॉटेलं, बेकऱ्या त्यावर उरलेल्या अन्नाची पिशवी मूळ किमतीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाला विकतात. आत काय असेल ते आधी कळत नाही, म्हणून बीफ-पोर्कचा प्रश्न राहतो. तू सुरुवात बेकरीपासून किंवा शाकाहारी लिहिलेल्या पिशवीपासून कर. हॉटेलांच्या नाश्त्याच्या बुफेची पिशवी सकाळी साधारण दहा-अकराच्या सुमारास मिळते. काही ठिकाणी रिकामा डबा देतात आणि तुलाच भरून घ्यायला सांगतात. तिथेही नियम तोच: गरम आहे ते आधी, अंडं असेल तर लगेच खा, ब्रेड उद्यासाठी ठेव. आणि आपला स्टीलचा झाकणाचा डबा बॅगेत टाकून ने.